साठ्याचे प्रकार वेगळे करूनही शिल्लक जुळत नाही, तेव्हा काय तपासायचं

महिनाअखेरीला गोदामात मोजणी होते. डेटाबेसमध्ये एक आकडा असतो, फळीवर दुसराच निघतो. कोणीतरी 'स्टॉक अ‍ॅडजस्टमेंट'ची एन्ट्री टाकून दोन्ही जुळवतं आणि पुढच्या महिन्यात फरक पुन्हा हजर. असं दोन-तीनदा झालं की संशय माणसांवर जायला लागतो. माल बाहेर जातोय का? एन्ट्री करणारा लक्ष देत नाही का? हे प्रश्न विचारण्याआधी टेबलांची रचना तपासा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रचनेतल्या चुकीपायी प्रामाणिक माणसावर ठपका येणं फार वाईट. आणि छोट्या व्यवसायाच्या डेटाबेसमध्ये असा दर महिन्याला परत येणारा फरक पुष्कळदा रचनेतूनच आलेला असतो. सुरुवात वस्तूंच्या टेबलातल्या 'प्रकार' या कॉलमपासून करा.

उदाहरणासाठी विजेचे लॅम्प बनवणारी एक छोटी कार्यशाळा धरू. तिथे वायरची गुंडाळी येते, बल्ब येतात, अडॅप्टर येतात (प्रत्येकावर वेगळा सिरियल नंबर, कारण वॉरंटी असते), चिकटवायचा गोंद येतो (त्याला वापरायची मुदत असते), पॅकिंगची खोकी येतात आणि तयार लॅम्प बाहेर पडतात. प्रकार पाडायला बसलं की कोणीही सहज पाडेल: कच्चा माल, तयार माल, विक्रीचा माल, पॅकिंग, किरकोळ खपाच्या वस्तू. कागदावर हे नीटनेटकं दिसतं.

एका कोडवर उणे, दुसऱ्यावर जादा

आता बल्ब कुठे घालायचा? लॅम्पमध्ये बसतो म्हणून कच्चा माल. पण गिऱ्हाईक सुटा बल्बही मागतं, म्हणून विक्रीचा माल. प्रकाराच्या कॉलममध्ये एकच मूल्य बसतं, त्यामुळे कोणीतरी त्याच बल्बचे दोन कोड उघडतं. खरेदीची एन्ट्री पहिल्या कोडवर होते, काउंटरवरची विक्री दुसऱ्यावर. काही आठवड्यांनी दुसऱ्या कोडची शिल्लक उणे 40 दिसते आणि पहिल्याची प्रत्यक्षापेक्षा 40 ने जास्त.

हीच या दोषाची खूण आहे. फरक असलेल्या वस्तूंची यादी काढा आणि उणे फरकाच्या जवळपास तेवढाच जादा फरक दुसऱ्या कुठल्या कोडवर आहे का ते बघा. दोन्हींची बेरीज प्रत्यक्ष मोजणीशी जुळली, तर माल कुठेही गेलेला नाही; एकाच वस्तूची दोन खाती झाली आहेत. केवळ नावावरून अशा जोड्या सापडतीलच असं नाही. 'बल्ब 9 वॉट' आणि '9 वॉ. एलईडी बल्ब' ही नावं साधी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) सारखी मानणार नाही. पुरवठादाराचा कोड किंवा बारकोड यांवर गट करून एकापेक्षा जास्त रो (टेबलातल्या ओळी) असलेले गट काढा, ते जास्त भरवशाचं.

मुळात 'प्रकार' या एका कॉलममध्ये दोन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात. वस्तू कशासाठी ठेवली आहे, हा एक. वस्तू मोजायची कशी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बदलत राहतं, दुसऱ्याचं सहसा बदलत नाही. हिशेबाच्या बाजूनेही असंच आहे. साठ्याबद्दलचं आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस 2 साठ्याचे तीन भाग करतं: नेहमीच्या व्यवसायात विक्रीसाठी ठेवलेला माल, विक्रीसाठी उत्पादनात असलेला माल, आणि उत्पादनात किंवा सेवा देताना खर्ची पडणारं साहित्य. तिन्ही भाग माल कशासाठी धरला आहे यावर पाडलेले आहेत. म्हणजे त्या दिवशी हाताशी असलेल्या मालाची ती वर्गवारी आहे. एखादी वस्तू कायम एकाच भागात राहील, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

म्हणून वस्तूंच्या टेबलात कायमचा ठेवायचा कॉलम म्हणजे मोजणीची पद्धत: नगावर, मापावर, बॅचवर किंवा सिरियलवर. बल्ब नगावर, वायर मापावर, गोंद बॅचवर, अडॅप्टर सिरियलवर. माल कशासाठी आला-गेला ते हालचालीच्या (आवक-जावकीच्या) टेबलात लिहायचं: खरेदी, विक्री, उत्पादनासाठी दिला, उत्पादनातून आला, परत आला, खराब झाला, मोजणीतला फरक. बल्बचा कोड एकच राहतो. 10 नग लॅम्पसाठी गेले, 3 नग काउंटरवर विकले गेले, दोन्ही जावक त्याच कोडवर पडतात. कच्च्या मालाचा रिपोर्ट लागतोच, तर वस्तूच्या रोमध्ये 'नेहमीचा उपयोग' असा एक कॉलम ठेवा, पण फक्त रिपोर्टमध्ये गट पाडण्यापुरता. शिल्लक काढताना त्याला हात लावायचा नाही. सुट्या विक्रीचे बल्ब खरोखरच वेगळ्या फळीवर ठेवत असाल, तर तो जागेचा प्रश्न आहे. हालचालीत जागेचा कॉलम घ्या, म्हणजे एका फळीवरून दुसरीवर नेलेला मालही नोंदवता येईल.

आधी झालेले दोन कोड एकत्र करताना घाई नको. आधी बॅकअप. मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतील, नाहीतर एकही नाही, अशा गटात) जुन्या कोडच्या सगळ्या हालचाली नव्या कोडकडे वळवा आणि जुना कोड 'बंद' अशी खूण करून तसाच ठेवा, पुसू नका. जुन्या बिलांवर तोच छापलेला असतो. वर्षभराने कोणी ते बिल घेऊन आलं की शोधता आला पाहिजे. जुना कोड आणि नवा कोड एवढे दोनच कॉलम असलेलं एक टेबल त्यासाठी पुरतं.

मुदत बॅचची असते, वस्तूची नाही

दुसरं ठिकाण म्हणजे निम्मे कॉलम रिकामे असलेलं लांबच लांब टेबल. सिरियल नंबर, मुदत, लांबी, रंग, वॉट, सगळं वस्तूच्याच रोमध्ये. रिकाम्या कॉलमांनी जागा वाया जाते म्हणून लोक वैतागतात, पण तो त्रास किरकोळ आहे. नुकसान भरलेल्या कॉलमांमधून होतं.

गोंदाच्या रोमध्ये मुदत लिहिली: मार्च. पुढच्या खेपेच्या डब्यांवर मुदत सप्टेंबर. एन्ट्री करणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. मार्च खोडून सप्टेंबर लिहायचं, म्हणजे फळीवरच्या जुन्या डब्यांची मुदत डेटाबेसमधून नाहीशी. नाहीतर 'गोंद (नवा)' नावाची दुसरी वस्तू उघडायची, म्हणजे एका वस्तूचे दोन कोड पुन्हा जन्माला. त्या माणसाने दोन्हींपैकी काहीही केलं तरी त्याला दोष देता येत नाही, कारण तिसरी वाट रचनेत ठेवलेलीच नाही.

ती वाट अशी. वस्तूंचं टेबल एकच, त्यात सगळ्या वस्तूंना लागू असलेलंच ठेवायचं: कोड, नाव, मोजणीची पद्धत, मूळ एकक. त्याच्या जोडीला बॅचचं टेबल (कुठली वस्तू, बॅच क्रमांक, मुदत) आणि सिरियलचं टेबल (प्रत्येक नगाला एक रो). हालचालीच्या रोमध्ये वस्तू तर असतेच, आणि गरजेप्रमाणे बॅच किंवा सिरियलही.

बल्बची बॅच चुकून उघडली जाऊ नये, हे डेटाबेसलाच बघू द्या. वस्तूंच्या टेबलात कोड आणि मोजणीची पद्धत या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा येऊ न देणारा नियम) लावा. बॅचच्या टेबलातही मोजणीच्या पद्धतीचा कॉलम घ्या, त्यात 'बॅच' सोडून दुसरं काही चालणार नाही असा चेक कन्स्ट्रेंट लावा आणि दोन्ही कॉलमांची मिळून फॉरेन की (दुसऱ्या टेबलात असलेलंच मूल्य घेणारा दुवा) वस्तूंच्या टेबलाकडे न्या. आता नगावर मोजायच्या वस्तूची बॅच उघडायला गेलं की डेटाबेस ती घेणारच नाही. एक कॉलम जास्त लिहावा लागतो, पण ही चूक कायमची बंद होते.

कन्स्ट्रेंट लिहूनही चुकीच्या रो आत येत असतील, तर ते चालू आहेत का ते बघा. एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा (सेटिंग बदलणारी आज्ञा) देऊन ती चालू करावी लागते. मायएसक्यूएलच्या 8.0.16 च्या आधीच्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंट मुकाट्याने वाचून सोडून देत, ना एरर ना तपासणी. जुन्या सर्व्हरवर डेटाबेस चालत असेल तर हे हटकून तपासा.

रुंद टेबलाला कंटाळून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक प्रकाराचं पूर्ण वेगळं टेबल करतात. मग हालचालीची फॉरेन की पाचांपैकी कुठल्या टेबलाकडे न्यायची हेच ठरत नाही, आणि एकूण साठ्याचा साधा रिपोर्टही पाच क्वेऱ्यांचा युनियन (एकाखाली एक जोड) होऊन बसतो. तिसरी रीत म्हणजे 'गुणधर्माचं नाव' आणि 'गुणधर्माचं मूल्य' असे दोन कॉलम ठेवून काहीही भरण्याची. तिथे तारीख, लांबी, रंग सगळं मजकूर म्हणूनच साठतं. तारखेच्या जागी 'लवकर वापरा' असं कोणी लिहिलं तरी अडवणारं कोणी नसतं. माझं मत स्पष्ट आहे: रंग, फिनिश अशी निव्वळ वर्णनाची माहिती अशा टेबलात किंवा जेसन कॉलममध्ये (नाव-मूल्याच्या जोड्या एकत्र ठेवणाऱ्या) ठेवायला हरकत नाही. ज्यावरून शिल्लक, मुदत किंवा किंमत काढायची, ती माहिती तिथे कधीही ठेवू नका.

गुंडाळी आणि मीटर

वायर गुंडाळीने येते, मीटरने वापरली जाते आणि दोन्हींनी विकली जाते. शिल्लक एकाच एककात धरायची आणि ते एकक सगळ्यांत बारीक वापराचं असावं, इथे मीटर. खरेदीच्या रोमध्ये मात्र तीन गोष्टी लिहा: 4 गुंडाळ्या, गुंडाळीमागे 100 मीटर, एकूण 400 मीटर.

मधला आकडा खरेदीच्या रोमध्येच लागतो, आणि नेमका तिथेच तो नसतो. पुष्कळ ठिकाणी 'गुंडाळीमागे 100' हे वस्तूच्या रोमध्ये एकदाच लिहिलेलं असतं आणि रिपोर्ट दर वेळी त्याने गुणतो. पुरवठादाराने 90 मीटरची गुंडाळी पाठवायला सुरुवात केली, कोणीतरी 100 चे 90 केले आणि त्या क्षणी आधीच्या सगळ्या खरेद्या मागे जाऊन 10 टक्क्यांनी घटल्या. कालपर्यंत बरोबर असलेली शिल्लक रात्रीत चुकते आणि कुठलीही नवी हालचाल झालेली नसते. 'काही न करता आकडा बदलला' अशी तक्रार आली की आधी हे बघावं.

दशांशांचंही तसंच. फ्लोट प्रकारच्या कॉलममध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज बरोबर 0.3 होत नाही, कारण हे आकडे बायनरीत (फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या पद्धतीत) नेमके मांडता येत नाहीत. हजारो हालचालींनंतर शून्य शिल्लक 0.0000001 दिसते आणि 'संपलेला माल' या यादीतून वस्तू गळते. मापासाठी डेसिमल किंवा न्यूमेरिक प्रकार वापरा. एसक्यूलाइटमध्ये नेमक्या दशांशांचा वेगळा प्रकार नाही, तिथे लांबी मिलिमीटरमध्ये पूर्णांक म्हणून साठवणं बरं.

आणि एक गोष्ट डेटाबेस बरोबर असूनही चुकते. शिल्लक 40 मीटर आहे, एका लॅम्पला अडीच मीटर वायर लागते, म्हणजे 16 लॅम्प व्हायला हवेत. पण ते 40 मीटर म्हणजे दीड-दोन मीटरचे तुकडे असतील, तर एकही लॅम्प होणार नाही. असं वरचेवर होत असेल तर प्रत्येक गुंडाळीला बॅच मानून वायर बॅचवर मोजायला घ्या. क्वचितच होत असेल तर उरलेले तुकडे 'खराब' या कारणाने बाहेर काढत जा. एवढ्यासाठी रचना बदलायची गरज नाही.

माल बरोबर, रिपोर्ट चूक

फळीवर 50 बल्ब आहेत, सगळ्या एन्ट्र्या एकेक करून तपासल्या तर बरोबर आहेत आणि रिपोर्ट म्हणतो 250. खरेदीचं आणि विक्रीचं टेबल वेगळं असेल तर हे हमखास घडतं. बल्बच्या तीन खरेद्या आहेत, 50, 30 आणि 20, एकूण 100. चार विक्र्या आहेत, 10, 15, 5 आणि 20, एकूण 50. क्वेरीत वस्तूला दोन्ही टेबलं एकदम जोडली की प्रत्येक खरेदीपुढे चारही विक्र्या उभ्या राहतात. तीन गुणिले चार, बारा रो. प्रत्येक खरेदी चारदा मोजली गेल्याने बेरीज 400, प्रत्येक विक्री तीनदा मोजल्याने 150, आणि शिल्लक 250.

यावर डिस्टिंक्ट (एकसारखी मूल्यं एकदाच धरायला सांगणारा शब्द) लावण्याचा मोह होतो. लावू नका. दोन वेगळ्या दिवशी 20-20 नग आले असतील तर त्यातली एक खरेदी गायब होईल आणि चूक आणखी लपेल. आधी खरेदीची वस्तूवार बेरीज करा, विक्रीची वेगळी करा, मग त्या दोन बेरजा जोडा. जोडताना ज्या वस्तूची विक्रीच झालेली नाही तिथे विक्रीच्या जागी नल (रिकामं मूल्य) येतं, आणि 100 वजा नल म्हणजे पुन्हा नल. रिपोर्टमध्ये ती शिल्लक कोरी दिसते. कोअलेस हे फंक्शन वापरून तिथे शून्य धरा. नव्याने रचना करत असाल तर या भानगडीतच पडू नका: आवक अधिक चिन्हाने आणि जावक उणे चिन्हाने एकाच हालचालीच्या टेबलात लिहा. मग शिल्लक म्हणजे एक साधी बेरीज.

दोघांनी एकाच वेळी विकलं

वस्तूच्या रोमध्ये 'शिल्लक' असा कॉलम ठेवून प्रोग्रॅम तो वाचतो, वजाबाकी करतो आणि पुन्हा लिहितो, अशी रीत असेल तर दोन कॉम्प्युटर झाल्या दिवसापासून फरक सुरू होतो. शिल्लक 5. दोघांनीही 5 वाचली. एकाने 2 विकून 3 लिहिली, दुसऱ्याने 1 विकून 4 लिहिली. खरी शिल्लक 2, डेटाबेसमध्ये 4. फरक गर्दीच्या दिवसांत वाढतो आणि एरवी दिसत नाही, यावरून हा दोष ओळखता येतो.

हालचालींची बेरीज हीच शिल्लक मानली तर या वाचून-लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही. वेगासाठी शिल्लक साठवून ठेवायचीच असेल, तर वजाबाकी डेटाबेसला एकाच अपडेटमध्ये करू द्या, 'शिल्लक पुरेशी असेल तरच' ही अट त्यातच घाला, आणि किती रो बदलल्या ते तपासा. शून्य रो बदलल्या म्हणजे माल पुरेसा नव्हता. हे अपडेट आणि हालचालीची एन्ट्री एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवी.

उत्पादनालाही हाच नियम. 10 लॅम्प तयार झाले म्हणजे 10 बल्ब, 10 अडॅप्टर आणि 25 मीटर वायरची जावक आणि 10 लॅम्पची आवक, सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये. अर्धं झालं आणि वीज गेली तर काहीच झालं नाही असं व्हायला हवं. गोंद मात्र यात थेंबाथेंबाने धरू नका. लॅम्पमागे किती लागला ते कोणी मोजत नाही, त्यामुळे तो आकडा नेहमी अंदाजच राहणार. डबा फोडला की तो खर्ची टाका. स्क्रू, सँडपेपर यांचंही तसंच.

आयात करताना

एक्सेलमधून यादी आणली असेल तर बारकोड आणि सिरियल नंबर पुन्हा एकदा नजरेखालून घाला. एक्सेल आकड्यातले पहिले 15 अंकच नेमके ठेवतं, पुढच्या अंकांच्या जागी शून्य येतं. सुरुवातीचं शून्य उडतं. सिरियलच्या अंकांमध्ये रोमन लिपीतलं 'ई' अक्षर असेल तर एक्सेल त्याला दहाचा घात समजून आकडा बदलून टाकतं. त्यामुळे फाइल उघडतानाच हे कॉलम मजकूर म्हणून घ्या आणि डेटाबेसमध्येही त्यांचा प्रकार मजकूरच ठेवा. बारकोडची कधी बेरीज होत नाही, तो आकडा म्हणून साठवण्यात काही फायदा नाही.

दुरुस्तीचा क्रम

चालू व्यवहार थांबवून सगळं एकदम बदलायची गरज नसते. आधी रिपोर्टची क्वेरी तपासा, कारण तिथे दोष निघाला तर डेटाला हात न लावता काम होतं. मग दुहेरी कोड एकत्र करा. त्यानंतर बॅच आणि सिरियलची टेबलं. शेवटी एखाद्या दिवशी काम बंद झाल्यावर पूर्ण मोजणी करा आणि प्रत्येक वस्तूची 'आरंभीची शिल्लक' अशी एक हालचाल लिहा. जुन्या हालचाली फेकू नका, पण शिल्लक या तारखेपासूनच काढा.

त्यानंतर मोजणीतल्या फरकाच्या प्रत्येक एन्ट्रीला कारण लिहिणं सक्तीचं करा. कारण सापडलं नसेल तर 'कारण सापडलं नाही' असंच लिहू द्या, उगाच काहीतरी लिहायला लावू नका. दर आठवड्याला तीन क्वेऱ्या चालवा: शिल्लक उणे झालेल्या वस्तू, सिरियलवर मोजायच्या ज्या वस्तूंची हालचालींची बेरीज आणि हाताशी असलेल्या सिरियलांची संख्या जुळत नाही अशा वस्तू, आणि मुदत उलटूनही शिल्लक असलेल्या बॅच. तिन्ही याद्या रिकाम्या यायला हव्यात. एखादी भरलेली आली तर महिनाअखेरीची वाट न बघता त्याच दिवशी त्या वस्तूच्या हालचाली उघडून बघा. आठवड्याभराच्या एन्ट्र्या माणसाला आठवतात, महिन्याभराच्या आठवत नाहीत.